एकोणीस दगडांची शीव

सागरी संघाच्या अधिकृत इतिहासाची सुधारित आवृत्ती गेल्या महिन्यात प्रसिद्ध झाली. तिच्या तिसऱ्या खंडात कपिला ग्रहाला दीड पान मिळाले आहे, आणि त्या दीड पानाचा गाभा एका वाक्यात आहे: ‘कपिलेच्या प्रथम सर्वेक्षणात तो ग्रह निर्जन असल्याचा निष्कर्ष सद्भावनेने काढण्यात आला, तेथील रहिवाशांची विशिष्ट चालीरीत त्या काळी सर्वेक्षकांस अज्ञात होती.’

वाक्य घडीव आहे. एवढ्याशा जागेत इतके असत्य बसवायचे म्हणजे लिहिणाऱ्याचा हात मुरलेला असला पाहिजे. निष्कर्ष काढण्यात आला. कोणी काढला ते नाही. सद्भावनेने काढला, म्हणजे त्या निनावी माणसाच्या मनात शिरून कोणी तरी पाहून आले आहे. राहता राहिले ‘अज्ञात होती’. त्याकडे मी शेवटी येईन, आणि तेव्हाही मी बोलणार नाही, कारण त्यावर बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा दुसऱ्या एका माणसाचा मोठा आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी कपिलेवर नऊ दिवस होते. पहिल्या दिवशी डॉ. विद्याधर पोंक्षे यांनी तंबूतल्या टेबलावर एक कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यावर लेखणी ठेवली.

“घाडीबाई, एवढी सही झाली की आपण सगळे मोकळे.”

पोंक्षे हे संघाचे सर्वेक्षणप्रमुख. साठीचे, उंच, बोलण्यात साखर आणि कपड्याला इस्त्री. परग्रहावर इस्त्री करून हिंडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

“वाचून करते,” मी म्हणाले.

“वाचा की. चौदा कलमं आहेत. तेरा कलमांत आम्ही आणि उत्तर मंडळ भांडलो आहोत. चौदाव्यावर मात्र एकमत आहे.”

चौदावे कलम असे होते: ‘ग्रह निर्जन आहे. खोऱ्यात वास्तू आहेत. परंतु त्या किमान चार सहस्र वर्षांपूर्वी त्यागलेल्या आहेत.’

भांडण निळ्या मातीचे होते. कपिलेच्या एकाच खोऱ्यात ती मिळत असे. ती भाजली की जो धातू निघे त्यातून वीज वाहताना कणभरही वाया जात नसे. ज्याच्या हाती ते खोरे, त्याच्या हाती पुढची दोन शतके, असा हिशेब सागरी संघ आणि उत्तर मंडळ या दोन्ही सत्तांनी मांडला होता. परग्रहांविषयीचा करार मात्र दोघांनीच कधी काळी सज्जनपणाच्या भरात केलेला होता. ग्रह निर्जन असेल तर पहिला सुरुंग ज्याचा, खोरे त्याचे. ग्रहावर वस्ती असेल तर तिच्या संमतीवाचून कुणी ढेकूळही उचलायचे नाही. आणि निर्जन की सजन हे ठरवताना दोहोंपैकी कुणाचीही चाकरी न करणाऱ्या एका अभ्यासकाची सही हवी.

तो अभ्यासक म्हणून त्यांनी मला निवडले. सात-आठशे वर्षांपूर्वीच्या गावांचे शिवेचे तंटे, हद्दीचे दगड, गोतसभेने दिलेले निवाडे, यांत माझे आयुष्य गेले होते. मेलेल्या गावांची बाई मेलेल्या ग्रहावर बिनतक्रार सही करील, असा त्यांचा अंदाज असावा. संघाने ग्रहाचे नाव कपिला ठेवले होते. गाय म्हटली की धार काढताना तिला विचारावे लागत नाही. उत्तर मंडळाने तिला नुसता क्रमांक दिला होता. त्यात निदान ढोंग नव्हते.

तंबूच्या दुसऱ्या टोकाला उत्तर मंडळाच्या निरीक्षक इंगा सोरेन बसल्या होत्या. त्यांचे बोलणे कानातल्या दुभाष्या यंत्रातून मराठीत येई, आणि यंत्राने त्यांना का कोण जाणे अत्यंत घरगुती मराठी बहाल केली होती.

“पोंक्षे, तुमचं खोदयंत्र कालच्यापेक्षा वीस मीटर पुढे आलंय.”

“वाऱ्यानं सरकलं असेल, बाई.”

“चाळीस टनांचं?”

“इथला वारा जोराचा आहे. तुमचं नाही का परवा तीस मीटर सरकलं?”

“उतार होता.”

“चढाच्या दिशेनं?”

दोघेही हसले. खोऱ्याच्या दोन तोंडांशी दोघांची दोन यंत्रे तोंड वासून उभी होती, आणि दोघांचाही पहिला सुरुंग सातव्या दिवशी एकाच घटकेला उडायचा होता. मला सहा दिवस होते. सही किंवा पुराव्यासह हरकत; दोन्हींपैकी काहीच केले नाही तर, मूळ कराराचे कलम पंधरा, संमती गृहीत.

“वास्तूंचं वय कसं काढलंत?” मी विचारले.

“दगडावरच्या थरावरून,” पोंक्षे म्हणाले. “चार हजार वर्षं. वरती शंभरेक.”

“हे दगडाचं वय झालं. आमच्या गावच्या, वेळशीच्या देवळाचं जोतं हजार वर्षांचं आहे. त्याच्यावर बसून मी परीक्षांचे पेपर तपासले आहेत. मला मरून हजार वर्षं झाली का?”

“सही सहाव्या दिवशी केलीत तरी चालेल,” पोंक्षे तितक्याच गोडीने म्हणाले.

मला गाडी आणि चालक मिळाला. चालकाचे नाव बस्त्याव फर्नांडिस. संघाच्या यंत्रशाळेतला हा वयस्क गृहस्थ मूळचा आमच्याच भागातला, वेळशीच्या पलीकडच्या वाडीचा, हे मला गाडीत बसल्यावर कळले. त्यानेच सांगितले, आणि पुढचे दोन मैल तो माझ्या काकाची उणीदुणी काढत होता.

कपिलेवर एक दिवस-रात्र म्हणजे आपले अठरा दिवस. माझ्या मुक्कामात सूर्य बव्हंशी वरच होता, पिवळा, सुस्त. हवा विरळ, नाकाला नळी लावून हिंडावे लागे. त्या उजेडात आम्ही त्या ‘त्यागलेल्या वास्तूं’पाशी पोचलो.

दोनशे बारा घरे. बसक्या दगडी भिंती, वर पातळ शिळांची छपरे, दारे माझ्या कमरेएवढी. घरांमागे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते, त्यांत गुडघाभर जांभळट पीक. संघाच्या सर्वेक्षण-अहवालाने पिकाला ‘रानटी वाढ’ म्हटले होते. ओळीत उगवणारे रान मी प्रथमच पाहत होते.

मी पहिल्या घरापाशी वाकले. दाराला वेलीच्या दोरीची गाठ मारलेली होती. दुसऱ्या घराला तीच गाठ. तिसऱ्यालाही. फटीतून आत दिवा धरला. भांडी भिंतीशी रांगेने उपडी घातलेली. जमीन लोटलेली. धान्य नाही, अंथरूण नाही, हत्यारांतली लहान हत्यारे नाहीत; जड होती ती आढ्याला टांगलेली. मागच्या अंगणात जनावरांचा गोठा, रिकामा, आणि गोठ्याचे दारही बांधलेले.

मी उजाड गावांविषयी बरेच वाचले आहे. साथीत उठलेले गाव भांडी पालथी घालून जात नाही. दुष्काळात जाणारा माणूस दाराची लाकडेसुद्धा उपसून नेतो. लढाईत पळणाऱ्याला गाठ मारायला सवड नसते. आणि चार हजार वर्षे टिकणारी वेलीची दोरी ज्याने शोधली त्याने निळ्या मातीच्या मागे लागायचे कारण नव्हते, दोरीच विकायची.

बस्त्याव माझ्यामागे उभा होता. तो एकामागून एक दारांकडे पाहत होता.

“काय झालं?”

“बाय, ही दारां बघ. भायरसून बांधलली असत. मरणारो माणूस दार भायरसून बांधता काय?”

“नाही.”

“कोंबडो नाय, कुत्रो नाय. उंदीर तेवडो ऱ्हवलो आसतलो.” त्याने टोपी काढली. “ह्यो गाव मेललो नाय. ह्यो गाव पळालो हा.”

मला ते पहिल्या दारापाशीच सुचले होते. पण अभ्यासकाला एक खोड असते: जे ओळखीचे दिसते त्यावर तो आधी संशय घेतो. बस्त्यावला ती खोड नव्हती.

आमच्या दक्षिण कोकणातल्या काही गावांत गावपळण होते. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सारा गाव, बामण-कुणबी, मुसलमान-किरिस्तांव, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री, आजारी माणसे खाटेवर घालून, शिवेबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. गावात माणूस नाही, दिवा नाही, चूल नाही. शिवेपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या, गाणी, भजने, भांडणे. मग पुन्हा कौल लावायचा. देवाने हो म्हटले की परत. माझे वडील गावचे घाडी. कौल लागेपर्यंत ते हात जोडून गाऱ्हाणे घालत उभे राहत. त्या तीन दिवसांत कुणी परका वेळशीत शिरला असता तर त्याला एक नीटनेटके, निर्मनुष्य गाव दिसले असते, आणि त्याच्याजवळ शिक्का असता तर त्याने ते निर्जन म्हणून नोंदवले असते.

“पण शिवेभायर गेले असतले तर थय दिसूक होये,” बस्त्याव म्हणाला. “वरसून बघनारी इतकी यंत्रां असत. धूर दिसाचो नाय?”

हाच प्रश्न होता. मी अहवाल उघडला. उष्णतेच्या नोंदी होत्या. खोऱ्यात एकही जिवंत ऊब नव्हती. खोऱ्यात. सर्वेक्षणाची हद्द नकाशावर तांबड्या रेषेने दाखवली होती आणि तिच्याबाहेरच्या नोंदी ‘क्षेत्राबाहेर’ म्हणून वगळल्या होत्या. आता हद्द हा माझा धंदा आहे. यंत्र हद्द काढते तेव्हा ती सरळ असते. माणूस काढतो तेव्हा ती ओढ्याने, धारेने जाते. ही रेषा ओढ्याने जात नव्हती, धारेनेही नाही. ती सपाट माळावर मधेच मोडत होती, पुन्हा मोडत होती. मी मोड मोजले. एकोणीस.

“बस्त्याव, या पहिल्या मोडावर चल.”

तिथे तीन दगड होते. मोठ्यावर मधला, मधल्यावर लहान. लहान्याला काही तरी राखाडी चोळलेले. दुसऱ्या मोडावर तसेच तीन. तिसऱ्यावरही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून आम्ही एकोणीस मोड पाहिले. प्रत्येकावर शीव होती.

सर्वेक्षणाची तांबडी रेषा गावाच्या शिवेवरून दगड-दगड धरून गेली होती. जिथे कुणी राहत नाही तिथल्या लोकांची हद्द कुणी तरी अतिशय प्रामाणिकपणे पाळली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही रेषा ओलांडायला निघालो. गाडी रेषेवर बंद पडली; तिला नकाशातल्या रेषेशी बांधलेले होते.

“आता?” मी विचारले.

“आता पाय असत,” बस्त्याव म्हणाला. “देवान दिल्यान ते कोणाच्या नकाशात बांधलेले नाय.”

डोंगरधार चढायला पाच तास लागले. धारेवर पोचलो तेव्हा आधी वास आला, नळीतूनही आला: ओले गवत, जनावर, काही तरी शिजणारे. मग आवाज. खाली ओढ्याकाठी त्याच जांभळट पिकाच्या ताटांच्या झोपड्या, शेकड्यांनी. आणि त्यांत ती.

त्यांचे वर्णन नंतर पुष्कळांनी केले आहे. मी थोडक्यात सांगते. माझ्या कमरेएवढी उंची, चार हात, अंगावर शेवाळी लव. पोरे एकमेकांना ओढ्यात ढकलत होती. दोन म्हातारी एका गाठोड्यावरून भांडत होती. कोणत्या बाजूची गाठ आधी सोडायची यावर असावे, कारण दोघांनीही चारही हात गाठीला लावले होते. एक जनावर सुटून पळत होते आणि त्याच्यामागे अर्धा गाव धावत होता, उरलेला अर्धा सल्ले देत होता.

आम्हाला प्रथम एका पोराने पाहिले. सारे थांबले. मी आयुष्यभर गावसभांच्या निवाड्यांत वाचत आले की परका शिवेवर आला तर त्याला काय विचारावे, कोणी विचारावे. त्यांनी काहीच विचारले नाही. एक म्हातारी, गाठोड्याशी भांडणाऱ्यांपैकीच, पुढे आली. तिने आमच्या पाठीवरच्या पिशव्यांकडे पाहिले, आम्ही आलो त्या धारेकडे पाहिले, आणि मागे वळून झोपड्यांच्या रांगेत दोन माणसांची जागा करायला लावली. ताटांच्या भिंती सरकल्या. कुणी तरी आमच्यापुढे एक भांडे ठेवले.

बस्त्यावच्या डोळ्यांत पाणी आले. तो ते हसण्यावारी नेऊ पाहत होता.

“बाय, ह्यांका वाटता आमीय पळणीक इलंव.”

आम्ही तिथे दोन तास बसलो. मी चित्रे घेतली, आवाज घेतले, माणसे मोजली. नऊशे चाळीसपर्यंत मोजली आणि मग पोरे सारखी जागा बदलू लागली. आणि मला जे पाहायचे नव्हते ते दिसले: बांधाबांध चालू होती. झोपड्यांची ताटे सोडून मोळ्या होत होत्या.

“चार-पाच दिसांत परततले,” बस्त्याव म्हणाला. “सुरुंग कधी?”

“आजपासून चौथ्या दिवशी.”

“म्हंजे घराक जाईसर घर नाय.”

चौथ्या दिवशी मी पोंक्षे यांच्या तंबूत गेले. त्यांनी स्वतः चहा केला. मी चित्रे टेबलावर मांडली. त्यांनी ती एकेक उचलून पाहिली, लग्नाच्या फोटोंसारखी, आणि नीट एकावर एक ठेवली.

“क्षेत्राबाहेर गेलात,” ते म्हणाले.

“क्षेत्र कोणी आखलं?”

“यंत्रानं.”

“यंत्र सपाट माळावर एकोणीस वेळा ठेचकाळत नाही, पोंक्षेसाहेब. प्रत्येक मोडावर तीन दगड आहेत.”

“डोंगरात दगड असतात.”

“एकावर एक?”

त्यांनी चहात साखर ढवळली.

“घाडीबाई, तुम्ही विद्वान आहात म्हणून सांगतो. हरकत जरूर नोंदवा. पण मूळ कराराचं कलम सोळा वाचा. हरकतीवर दोहोंपैकी एका सत्तेची सही लागते. नसेल तर ती दप्तरात जाते आणि काम चालू राहतं. आमची मिळणार नाही. सोरेनबाईंचीही नाही. दोघांनाही निर्जनच हवं आहे. या ग्रहावर आमचं एवढ्या एकाच शब्दावर जमतं.”

“एक हजार जीव परत येणार आहेत.”

“त्यांना दुसरीकडे वसवता येईल. इतिहासात वसवलेलीच आहेत गावं. तुम्हीच लिहिलंय त्यावर.” ते हसले. “चांगलं पुस्तक आहे. मी दोनदा वाचलं.”

मला राग आला नाही, असे मी म्हणणार नाही. मी चहा संपवला, त्यांचे आभार मानले आणि पलीकडच्या तंबूत गेले.

आपल्याकडे एका माणसाची ख्याती आहे: दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून तो स्वतःचे नाक कापून घेतो. राज्यशास्त्राचे जाडे ग्रंथ मी बरेच चाळले. सत्तांच्या वागण्याची याहून नेमकी व्याख्या मला कुठे मिळाली नाही. मी सोरेनबाईंसमोर चित्रे ठेवली नाहीत. फक्त नकाशा ठेवला.

“संघानं सर्वेक्षणात लबाडी केली आहे,” मी म्हणाले.

“अगं बाई!” यंत्र म्हणाले. सोरेन खुर्चीत पुढे सरकल्या. “कसली?”

मी एकोणीस मोड दाखवले, दगड दाखवले, आणि रेषा कुठे काय वगळते ते सांगितले. त्या हुशार होत्या. त्यांना शिवेपलीकडे काय आहे हे विचारावेसे वाटले नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवे होते.

“म्हणजे त्यांचा दावा उडाला?”

“मुळातून. सर्वेक्षणात जाणून लपवाछपवी केली असेल तर.”

“आणि आमचा?”

“कलम सोळाप्रमाणे तक्रारदाराचा दावा स्वतंत्रपणे तपासला जातो.”

हे अक्षरशः खरे होते. स्वतंत्रपणे तपासल्यावर त्याचे काय होईल, हा पुढचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी विचारला नाही. सातव्या दिवशी खोऱ्याच्या एकाच तोंडाशी यंत्र उभे असेल आणि ते त्यांचे असेल, एवढेच चित्र त्यांना दिसत होते.

“पोंक्षेला हे माहीत आहे का, की तुम्ही माझ्याकडे आलात?”

“तो म्हणाला की तुम्ही सही करणार नाही. तुमचं आणि त्याचं जमलेलं आहे म्हणे.”

“माझं? त्याच्याशी?” त्यांनी लेखणी मागितली. “द्या इकडे.”

चार मिनिटांत सही झाली. हरकत नोंदली गेली आणि करारानुसार त्याच क्षणी खोऱ्याला ‘जैसे थे’ लागू झाले. दोन्ही खोदयंत्रे शिवेबाहेर न्यावी लागली. ती नेताना बस्त्याव त्यांच्यापुढे हिरवे निशाण घेऊन चालला. तसा नियम नव्हता.

संघाचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले आणि ते माझ्या अपेक्षेहून सरस होते. उत्तर मंडळाच्या उपग्रहाने धारेपलीकडे तीनशेहून अधिक उष्ण ठिपके दीड महिना, म्हणजे कपिलेचे जवळजवळ तीन दिवस, टिपले होते आणि मंडळाने त्यांची नोंद ‘गरम पाण्याचे झरे’ अशी केली होती. त्या नोंदीची प्रत संघाने मिळवून ठेवली होती. मंडळ उलटून म्हणाले की झऱ्यांना संध्याकाळी गाणी म्हणताना संघाच्या माणसांनीही ऐकले आहे, आणि ध्वनिफिती जोडल्या. अशा रीतीने, एकमेकांना खोटे पाडण्याच्या भरात, दोन महासत्तांनी कपिलेवर वस्ती असल्याचा इतका भरभक्कम पुरावा सादर केला की तो माझ्यासारख्या एकट्या बाईला जन्मात जमवता आला नसता. माझी चित्रे कुणी मागितलीसुद्धा नाहीत.

आठव्या दिवशी सूर्य कलला तेव्हा गाव परतले. आम्ही दोघे शिवेच्या बाहेर, अकराव्या दगडापाशी उभे होतो; आत जाण्याचे आता आम्हाला काही काम नव्हते. आधी जनावरे गेली, मग गाठोडी, मग पोरे. ती भांडकुदळ म्हातारी आमच्यापाशी थांबली आणि आत चला अशी खूण केली. आम्ही नाही म्हटले. तिने पुन्हा खूण केली. बस्त्यावने मानेने नाही म्हटले आणि दोन्ही हात जोडले. तिला ते पटले नाही. आपल्या चार हातांपैकी दोन कमरेवर ठेवून ती आमच्याकडे पाहत राहिली, आणि शेवटी, किती हट्टी असतात ही माणसे, अशा अर्थाचे काही तरी पुटपुटत निघून गेली. खाली दोनशे बारा दारांच्या गाठी सुटायला लागल्या. मग एका छपरातून धूर आला, मग दुसऱ्या.

“लागलो कौल,” बस्त्याव म्हणाला.

चौकशी पुढे वर्षभर चालली. संघाच्या वकिलांनी सुरुवातीपासून एकच पवित्रा घेतला, जो आज त्यांच्या इतिहासात छापला आहे: चूक झाली, पण सद्भावनेने झाली, अशी चालीरीत असते हे त्या शास्त्रज्ञांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ऐकायला हे इतके वाजवी होते की अध्यक्षांनी मान डोलावली. मी सभागृहाच्या तिसऱ्या रांगेत होते. पोंक्षे साक्षीला उभे होते. कोटाला नेहमीसारखी इस्त्री. ते वर्षभरात थकले होते, आणि मला वाटते, वकिलांनी आपल्याला अडाणी ठरवून वाचवावे हे त्यांना शेवटी सोसवले नाही. विद्येचा अभिमान हा त्या माणसातला बहुधा एकमेव खरा भाग होता.

अध्यक्षांनी लेखनिकाला खूण केली आणि विचारले, “ही चालीरीत आपल्याला अज्ञात होती, असं नोंदवून घ्यावं का?”

साक्षीची प्रमाणित प्रत माझ्यासमोर आहे. अधिकृत इतिहासाच्या पुढच्या आवृत्तीला उपयोग व्हावा म्हणून पोंक्षे यांचे उत्तर मी अक्षर न बदलता उतरवते:

“नाही, तसं लिहू नका. माझं आजोळ खारवंडीचं. तिथे गावपळण होते. एकदा आईच्या कडेवर आणि पुढे तीनदा स्वतःच्या पायांनी मी शिवेबाहेर गेलो आहे. कपिलेवर पहिल्याच घिरटीत आम्हाला माणसं दिसली. माझ्या वहीत मी माणसं हाच शब्द लिहिला आहे, तो तुम्ही पाहू शकता. ती शिवेवर दगड रचताना दिसली तेव्हा पुढे काय होणार ते मला कळलं, आणि मी सगळ्यांना वर थांबवून ठेवलं. शेवटचं जनावर शिवेबाहेर गेल्यावर आम्ही उतरलो. चुली अजून गरम होत्या. मी हात लावून पाहिला. मग मी निर्जन असं लिहिलं, कारण त्या दिवशी ते खरं होतं.”